काकांची वही

मावशीला पहिली गोळी सुरू झाली त्या दिवशी काकांनी शंभरपानी वही सुरू केली. तारीख, गोळी, झोप किती, पोळी किती खाल्ली, बोलली का. पहिल्या सहा आठवड्यांत शेवटच्या रकान्यात बहुतेक ‘नाही’च आहे. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो आला नाही. मग दुसरी गोळी, पुन्हा तेवढेच आठवडे. रात्री गच्चीच्या दाराला कुलूप असायचं आणि किल्ली काकांच्या लेंग्याच्या खिशात. तीव्र नैराश्यातल्या माणसाच्या उशाशी बसून हे आठवडे मोजलेल्यालाच त्यांची लांबी कळते.

पुढे मी या आजाराबद्दल वाचत गेले. ‘स्टार-डी’ या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत सुमारे ४,००० रुग्ण होते. सिटालोप्राम या पहिल्या औषधाने लक्षणं जवळपास पूर्ण गेली ती साधारण एक तृतीयांश लोकांचीच. बाकीचे मावशीसारखे पुढच्या औषधाच्या रांगेत. कुणाला काय लागू पडेल, हे आधी कळलं तर?

येल विद्यापीठातल्या ॲडम चेक्राउड आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हेच करून पाहिलं. त्या चाचणीतल्या नोंदी त्यांनी संगणकाला शिकवायला दिल्या. मला थक्क केलं ते त्या नोंदींनी. मेंदूचा स्कॅन नाही, रक्ताची तपासणी नाही; रुग्ण स्वतः सांगू शकेल अशा १६४ गोष्टींतून संगणकाने २५ निवडल्या. अस्वस्थता किती, अंगात त्राण आहे का, शिक्षण किती, नोकरी आहे का. नोकरी! मावशीची शाळेतली नोकरी सुटली होती, आणि ते कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

कुणाला गुण येईल याचा अंदाज शंभरात सुमारे ६५ वेळा बरोबर आला. दुसऱ्या चाचणीतल्या, त्याच जातकुळीचं औषध घेणाऱ्या रुग्णांवर तो ६० वर उतरला, आणि वेगळ्याच औषधांच्या जोडीपुढे नाणेफेकीइतकाच राहिला. २०२४ मध्ये चेक्राउड यांच्याच गटाने स्किझोफ्रेनियाच्या औषधांचा गुण वर्तवणारी अशीच संगणकी प्रारूपं तपासली. ज्या चाचणीतून ती शिकली तिथे हुशार ठरली. नव्या चाचणीतल्या रुग्णांपुढे मात्र निष्प्रभ. आपलीच उणीव त्यांनी स्वतः जाहीर केली, याचा मला मनापासून आदर वाटतो.

म्हणून मला या यंत्राकडून भविष्य नको आहे. ‘हे औषध हिला बहुधा लागू पडणार नाही’ असा आकडा हाती आला, तर तो ऐकून घरच्यांनी आणि डॉक्टरांनी हात टेकायचे नाहीत. दुसऱ्या उपायाचा विचार लवकर करायचा. मावशीचे चार आठवडे वाचले असते तरी मला ते पुष्कळ झाले असते. पण हे यंत्र ज्या नोंदींवर शिकलं त्या अमेरिकेतल्या रुग्णांच्या आहेत. सांगली-सोलापूरच्या बाईची झोप, तिची भूक, तिचं न बोलणं कुणी नीट लिहून ठेवलं, तरच ते तिच्याबद्दल काही शिकेल.

तिसऱ्या औषधावर, आषाढातल्या एका पानावर, शेवटच्या रकान्यात काकांनी लिहिलंय : ‘चहा गोड झालाय म्हणाली.’

घरात असा रुग्ण असेल तर आजच एक वही सुरू करा, आणि पुढच्या भेटीत ती डॉक्टरांसमोर उघडा.