मेम अक्षर आणि तेरावे पान

हिब्रू वर्णमालेत अक्षरे बावीस. युरोपातील टॅरो या पत्त्यांच्या कॅटात पाने अठ्ठ्याहत्तर. त्यांपैकी छप्पन्न पाने चार रंगांची. उरलेली बावीस चित्रांची, म्हणजे मूर्खाचे एक पान आणि हुकमाची एकवीस. इकडे बावीस, तिकडेही बावीस. एवढ्या एका साम्यावर गेली दोन-अडीचशे वर्षे केवढा तरी डोलारा उभा राहिला आहे. प्रत्येक पानामागे एक अक्षर दडले आहे, अक्षरामागे आकडा आहे आणि आकड्यामागे विश्वाचा आराखडा आहे, असे त्या डोलाऱ्याचे स्वरूप.

ही उठाठेव एखाद्या धर्मगुरूने का करावी, असे कोणी विचारील. भविष्यकथनाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे आणि ती सांगून आम्हांला मोकळे होता आले असते. परंतु आमच्या धर्मग्रामातील एक हिशेबनीस गृहस्थ वही घेऊन आमच्याकडे आले, तेव्हा त्यांना बंदी नको होती, उत्तर हवे होते. त्यांची पत्नी कर्करोगाने गेली. तिचे नाव मरिया. हिब्रूत मिर्याम, आद्याक्षर मेम. मेम हे तेरावे अक्षर आणि टॅरोचे तेरावे पान मृत्यूचे. त्यांनी एकच विचारले, "फादर, हे आधीच लिहिलेले होते का?"

अशा माणसाला ईश्वराचे सर्वज्ञान आणि मनुष्याचे स्वातंत्र्य यांवर प्रवचन देण्यात अर्थ नसतो. तो आकडे घेऊन आला आहे; प्रथम आकडेच पाहावेत.

टॅरोचा जन्म उत्तर इटलीत, १४४० च्या सुमारास झाला, आणि तो खेळ म्हणून. मिलानच्या व्हिस्कोन्ती-स्फोर्झा घराण्यासाठी रंगविलेली पाने आजही पाहावयास मिळतात. त्यांवर एकही आकडा नाही, अक्षर तर नाहीच. हुकमांचा क्रम नगरागणिक बदलत असे. फ्लोरेन्सच्या मिन्कियाते या खेळात तर मूर्खाखेरीज चाळीस हुकूम होते. हा सारा इतिहास ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० साली ग्रंथरूपाने मांडला. डमेट श्रद्धावंत कॅथॉलिक होते आणि पत्त्यांचे खेळ त्यांना मनापासून आवडत, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

अक्षरांची जोड पुष्कळ नंतरची. १७८१ साली पॅरिसमध्ये कूर द जेब्लँ यांच्या ग्रंथात कोंत द मेले यांचा लेख आला. त्यात ती प्रथम दिसते. मेले यांनी मोजणी शेवटच्या पानापासून उलटी केली. पुढे एलिफास लेव्ही यांनी १८५४ ते ५६ च्या सुमारास ती सुलट केली. (हे गृहस्थ आमच्याच वाटेवरचे, सेंट-सुल्पिसच्या सेमिनरीत डीकनपदापर्यंत पोहोचून त्यांनी वाट बदलली.) १८८८ साली लंडनला स्थापन झालेल्या गोल्डन डॉन मंडळाने मूर्खाचे पान आरंभी आणले, तेव्हा जवळजवळ सारी अक्षरे एकेक घर सरकली. आता मेम कोठे येते ते पाहा. मेले यांच्या मांडणीत ते नवव्या पानावर, संन्याशाजवळ येते. लेव्हींच्या मांडणीत मृत्यूजवळ. लंडनच्या मांडणीत उलट्या टांगलेल्या माणसाजवळ. अक्षर एक आणि पाने तीन! शिवाय हिब्रूत अक्षरे अंकांचेही काम करतात, तेथे मेमचे मूल्य तेरा नव्हेच, चाळीस आहे. दहाव्या अक्षरापुढे क्रमांक आणि मूल्य यांची फारकत होते.

वहीत एक गणित मात्र खरोखर सुंदर होते. शून्यापासून एकवीसपर्यंतच्या आकड्यांची बेरीज २३१. सेफेर येत्सिरा या प्राचीन यहुदी ग्रंथात बावीस अक्षरांच्या जोड्यांची द्वारे सांगितली आहेत, तीही २३१. योगायोग नव्हे, हे खरे. पण रहस्यही नव्हे. एखाद्या सभेला बावीस माणसे एकेक करून आली आणि प्रत्येकाने आधी आलेल्यांशी हस्तांदोलन केले, तर पहिल्याला शून्य हात मिळतील, दुसऱ्याला एक, शेवटच्याला एकवीस. जोड्या मोजा किंवा बेरीज करा, उत्तर एकच. माणसे सोळा असली तरी तसेच घडेल, १२० येतील. संत योहानाच्या शुभवर्तमानातील १५३ मासे म्हणजे एक ते सतरा यांची बेरीज, यावर संत ऑगस्टिन रमले होते. त्यांच्या 'देवाचे नगर' या ग्रंथाचे भागही बावीस आहेत. त्यावरून कोणी पत्ते पिसले नाहीत.

मग आम्ही हिब्रू बायबल उघडले. विलापगीते हा ग्रंथ यरुशलेमच्या विध्वंसानंतरचा. पहिला, दुसरा आणि चौथा या अध्यायांत ओळी बावीस, प्रत्येक ओळ क्रमाने पुढच्या अक्षराने सुरू होते; तिसऱ्या अध्यायात प्रत्येक अक्षराला तीन, म्हणजे सहासष्ट. शोक अनावर होतो तेव्हा वर्णमालेची काठी धरून चालावे, तसे हे चालणे आहे. आणि काठीही सरळ नाही: दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या अध्यायांत 'पे' हे अक्षर 'आयिन'च्या आधी येते. तिसऱ्या अध्यायात मेमच्या वाट्याला ज्या तीन ओळी आल्या, त्यांतील पहिलीचा पहिला शब्द 'मी', म्हणजे हिब्रूत 'कोण?', आणि तिसरीचा 'मा', म्हणजे 'काय?'. भले आणि बुरे कोणाच्या मुखातून येते, हाच तेथला प्रश्न. गृहस्थ बराच वेळ त्या अक्षराकडे पाहत राहिले.

पाचव्या अध्यायातही ओळी बावीसच आहेत. प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर आम्ही वाचीत गेलो आणि ते हिशेबनिसाच्या सवयीने वहीत उतरवीत गेले. झायिन, नून, योद. क्रम कोठेच लागेना. मेम चौथ्या ओळीलाच आले.