टाचेची राखण

इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात आम्ही एका मुलाच्या समाचारास गेलो होतो. मोटारसायकलच्या आऱ्यांत अडकून त्याची टाच हाडापर्यंत सोलवटली होती. टाचेची गादी म्हणजे चिवट तंतूंच्या कप्प्यांत भरलेली चरबी. देहाचा भार तीच झेलते. तेथे नुसती पातळ कातडी टिकत नाही. म्हणून शल्यवैद्यांनी पोटरीची कातडी चरबी व रक्तवाहिन्यांसह वळवून टाचेवर बसविली. अशी मुले पुन्हा चालू लागतात. परंतु नव्या टाचेची जाणीव बहुधा अपुरी असते, खडा रुतला तरी कळत नाही. तेव्हा मायबापहो, रोज रात्री तो तळवा दिव्यापाशी नीट पाहावा व मुलाला अनवाणी फिरू देऊ नये. ज्या पायाला आपले दुःख सांगता येत नाही, त्याची विचारपूस घरच्यांनीच करावयाची असते.