कुंभारणीच्या घरात काय असतं

मृगाचा पाऊस पडून गेला की किनवटच्या रानवाटांवर लाल मखमलीचे ठिपके चालू लागतात. शाळा उघडल्यावर काडेपेटीत बसून वर्गात येणारा पहिला पाहुणा हाच, मृगाचा किडा. कुणी गोंडीत, कुणी गोरमाटीत, कुणी तेलुगूत त्याचं नाव सांगतं. मग पोरं पाय मोजतात. आठ! पुस्तकात तर कीटकाला सहाच पाय. म्हणजे हा कोळ्याच्या गोतातला. गंमत अशी, की अंड्यातून निघालेल्या त्याच्या पिल्लाला पाय सहाच असतात, आणि ते दुसऱ्या किड्याच्या अंगाला चिकटून पोट भरतं.

पुस्तकातलं जीवनचक्र म्हणजे एक गोल. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू, मधे बाण. बाणाला वेळ लागत नाही, बरणीला लागतो. कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी पानासकट बरणीत ठेवायची, तोंडाला फडकं बांधायचं, रोज ताजा पाला घालायचा. कात टाकत टाकत ती हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडते. आणि एके दिवशी खाणंच बंद. करगोट्यासारखा रेशमाचा एक धागा अंगाभोवती घेऊन काडीला टेकते, ती हलतच नाही.

"सर, मेली ही."

"थांब जरा. सोमवारी बघू."

कधी सोमवार उलटतो, आठवडा उलटतो आणि कोषाला बारीक भोक पडून गांधीलमाशीच्या गोतातले इवलेसे किडे बाहेर येतात. वर्ग खट्टू होतो. फुलपाखरू निघालं असतं तर हा प्रश्न मात्र कुणाला पडला नसता: हे आत शिरले कधी?

त्याच्या उत्तराचा एक धागा घराच्या चौकटीवर सापडतो. तिथे मातीचं घरटं लिंपणारी कुंभारीण माशी सगळ्यांच्या ओळखीची, आणि आजीची गोष्टही. कुंभारीण अळी आणून कोंडते, तिच्यापाशी गुणगुणत राहते, आणि तिच्याच ध्यासाने अळी कुंभारीण होऊन उडते. भक्तीचा हा दृष्टान्त इतका मुरला, की त्याला भ्रमर-कीटक न्याय असं नाव पडलं. बघणाऱ्याची नजर काही खोटी नव्हती. अळी आत जाताना दिसली, माशी बाहेर येताना दिसली. मधे दार बंद होतं. एखादं घरटं पडून फुटलं की आतलं कळतं. नांगी मारून लुळ्या केलेल्या, पण जिवंत अळ्या, आणि कुंभारणीचं एक अंडं. त्यातलं पिल्लू ही शिदोरी संपवतं, तिथेच कोषात जातं आणि माती फोडून निघतं. काही जातींच्या घरट्यांत अळ्यांऐवजी कोळी भरलेले असतात. नातवाने हे सांगितल्यावर आजी म्हणते, "म्हंजे लेकरासाठी डबा भरून ठिवती म्हण की!"

ज्यांच्या घरी कापूस, त्या पोरांना जीवनचक्र वेगळ्याच कारणाने ठाऊक असतं. 2017 साली गुलाबी बोंडअळीने राज्यभर कापूस पोखरला. कामगंध सापळ्यात नरच का अडकतात, हे ती पोरं सरांच्या आधी सांगतात: आत मादीच्या वासाची गोळी असते. फुलोऱ्यात पाकळ्या न उलगडलेली डोमकळी दिसली की आत अळी असणार, हेही त्यांना ठाऊक. अशी एक डोमकळी कुणीतरी खिशात घालून शाळेत येतं. बरणी धुऊन ठेवलेलीच असते. फडक्याची गाठ मात्र सर या वेळी दोनदा बघतात.