ओल्या-सुक्याच्या नोंदी

रविवार, 10 ऑगस्ट 2025

काल राखीपौर्णिमा झाली. आज सकाळी सुक्या कचऱ्याची पिशवी बाल्कनीत जुन्या वर्तमानपत्रावर ओतली आणि एकेक वस्तू बाजूला काढत बसले. आठवडाभरात आपल्या घरात काय येतं आणि काय बाहेर जातं, ते एकदा डोळ्यांनी नीट बघायचं होतं.

दुधाच्या पिशव्या, घरपोच आलेल्या सामानाचे खोके, त्यातलं फुग्याफुग्यांचं प्लास्टिक, मिठाईचा पुठ्ठा, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, वेफर्सची चकचकीत पाकिटं, शांपूच्या पुड्या, राख्यांची वेष्टनं. ढीग दोन भागांत आपसूक विभागला गेला. पुठ्ठा, बाटल्या, पत्र्याचे डबे, काच, दूधपिशव्या यांना भंगारात भाव आहे. वेफर्सच्या पाकिटाला कुणी विचारत नाही. त्यात प्लास्टिकच्या थरावर धातूचा पातळ मुलामा असतो; ते थर एकमेकांपासून सोडवणं कुणाला परवडत नाही. घरातली सगळ्यात हलकी वस्तू सगळ्यात जास्त काळ मागे राहणार आहे.

धुणं आणि वेगळं ठेवणं या नंतरच्या गोष्टी. ज्याला पुढे गिऱ्हाईक नाही ते दुकानातूनच आणायचं नाही, हा पहिला नियम. चिवडा आणि शेव आता कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याकडून डबा नेऊन आणायचे. मुलगा थोडा कुरकुरला, पण कबूल झाला.

मंगळवार, 12 ऑगस्ट

आज दुधाच्या पिशवीबद्दल लिहायचं आहे, कारण ती घरात रोज येते. आपण पिशवीचा कोपरा कात्रीने कापतो आणि तो तुकडा ओट्यावर, तिथून मोरीत, तिथून गटारात जातो. नखाएवढा तुकडा कुणी वेचत नाही, वेचताही येत नाही. पिशवी पुन्हा वितळवून वापरता येते, तुकडा मात्र कायमचा हातातून जातो. घरोघरी रोज असे किती तुकडे पडत असतील!

उपाय सोपा आहे. कोपऱ्यावर आडवी चीर द्यायची, पण तुकडा पिशवीला धरूनच ठेवायचा. दूध ओतलं की तीच पिशवी उलटी करून पाण्याने विसळायची. ते पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतायचं आणि पिशवी चिमटा लावून दोरीवर वाळत घालायची. न धुतलेल्या पिशवीला दुपारपर्यंत आंबूस वास येतो, आणि गठ्ठ्यात ती एक पिशवी गेली तरी सगळा गठ्ठा घाण होतो. राज्याने 2018 मध्ये प्लास्टिकबंदी आणली तेव्हा दूधपिशव्या वगळल्या होत्या; त्या परत घेण्यासाठी किमान 50 पैसे मोल ठरवून ते पिशवीवर छापायला सांगितलं होतं. वस्तूला मोल असलं की ती रस्त्यावर पडत नाही, हा त्यामागचा विचार मला आजही पटतो.

शुक्रवार, 15 ऑगस्ट

झेंडावंदन झाल्यावर खाली कचरा वेचणाऱ्या मावशींशी बोलत उभी राहिले. आमच्या इमारतीचा कचरा ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या मावशी नेतात. ही संस्था कचरावेचकांच्याच मालकीची आहे. 1993 मध्ये पुण्यात बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. त्या संघटनेतून पुढे ‘स्वच्छ’ निघाली आणि 2008 पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. त्याआधी याच बायका उकिरड्यावर उन्हातान्हात कागद वेचत आणि पोलिसांच्या संशयाला तोंड देत. संघटनेने त्यांना ओळखपत्रं मिळवून दिली. घरटी ठरलेलं शुल्क आणि विकलेल्या सुक्या मालाचे पैसे, ही मावशींची कमाई. म्हणजे मी पुठ्ठ्यावर आमटी सांडून तो टाकला, तर ते त्यांच्या पदरातून जातं.

मावशी जिन्याखाली बसून निवड करत होत्या. पांढरा कागद एका बाजूला, रद्दी दुसऱ्या, पुठ्ठा चपटा करून तिसऱ्या. पाण्याच्या बाटल्यांची झाकणं काढून वेगळी. हात झपाझप चालत होते. उजव्या तळव्यावर जुनी, बुजलेली चीर होती. फुटलेला काचेचा ग्लास कुणीतरी तसाच पिशवीत टाकला होता, त्याची ती खूण.

म्हणाल्या, “ताई, कचऱ्याला वास नसतो हो. मिसळलं की वास सुटतो.”

2016 च्या केंद्रीय नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग प्रत्येक घराला बंधनकारक केले होते. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, त्यावर लाल ठिपका काढून वेगळे द्यायचे. ठिपका दिसला की मावशी पुडकं उघडत नाहीत. काच फुटली तर जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ लिहायचं. सेल, जुने बल्ब, मुदत संपलेली औषधं निराळ्या डब्यात. यात पैसा लागत नाही, फक्त पुढच्या माणसाचा हात आठवावा लागतो.

सोमवार, 18 ऑगस्ट

पाऊस लागून राहिला आहे. गच्चीवरच्या खताच्या पिंपाला कुबट वास यायला लागला, म्हणून खालच्या मजल्यावरच्या वहिनी काळजीत पडल्या. पिंप उघडून त्यांना दाखवलं. वास आला याचा अर्थ आत हवा खेळत नाही. ओल्या कचऱ्यात पाणी आणि नत्र भरपूर, कर्ब कमी. कोरडी पानं, भुसा, नारळाच्या शेंड्यांचा चुरा यांतून कर्ब मिळतो आणि मधल्या पोकळ्यांतून हवा. कर्ब नत्राच्या सुमारे 30 पट असला की कुजणारे जीवाणू खुशीत असतात. तराजू लावून मोजायची गरज नाही. ओल्याचा एक थर, त्यावर तेवढाच किंवा थोडा जास्त सुक्याचा थर, आणि मूठभर मिश्रण पिळल्यावर हाताला ओल लागावी पण पाणी टपकू नये.

फाल्गुनातल्या पानगळीत पोती भरून पानं साठवून ठेवली होती, ती आता उपयोगी पडली. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं झटकन कुजतात. आंब्याची चिवट, ती चुरून टाकावी लागतात. काठीने ढीग ढवळला, पानं घातली, वरून आंबट ताक शिंपडलं. उन्हाळ्यात जे खत दोन महिन्यांत होतं, त्याला पावसाळ्यात जास्त वेळ लागतो.

वहिनींना सगळ्यात किळस आली ती करड्या, जाडसर अळ्यांची. त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या. ही माशी घरमाशीसारखी ताटावर येऊन बसत नाही, चावत नाही, आणि तिच्या अळ्या असतील तिथे घरमाश्यांची वाढ कमी होते. वांग्याची देठं, पपईची सालं त्या बघता बघता फस्त करतात. वहिनी बराच वेळ वाकून बघत राहिल्या आणि जाताना म्हणाल्या, “आमचाही डबा उद्यापासून वर आणू का?” पिंपात जागा आहे.

रविवार, 24 ऑगस्ट

गणपतीची खरेदी. निघताना दारामागच्या खुंटीवरून कापडी पिशव्या घेतल्या. पनीरसाठी आणि खव्यासाठी डबे घेतले. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या कितीतरी वस्तूंवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, तरी मंडईत कोथिंबिरीच्या जुडीला पातळ पिशवी अजून मिळते. “नको, पिशवी आहे,” एवढं म्हटलं की भाजीवालाही खूश होतो, कारण ती पिशवी त्याला विकत घ्यावी लागते. हार घेताना मात्र बघून घ्यावा लागतो. प्लास्टिकची फुलं, जरीची झालर आणि नायलॉनचा दोरा असेल तर तो हार उद्या खतातही जात नाही आणि भंगारातही जात नाही. सुती दोऱ्यात ओवलेला झेंडूचा हार घेतला.

दुपारी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, जुन्या साड्यांची गोधडी शिवत बसल्या होत्या. त्यांच्या लहानपणी सांगलीकडे वाण्याचं सामान कागदाच्या पुडीत यायचं. पुडीचा दोरा गुंडाळून ठेवायचा, कागद चुलीला जायचा, राख भांडी घासायला. फाटके कपडे बोहारीण न्यायची आणि बदल्यात पातेलं द्यायची. शिळ्या भाकरीचा कुस्करा, शिळ्या भाताला फोडणी, कोबीच्या पानांची भजी. आई म्हणाल्या, “टाकायला जागाच कुठे होती गं? जे होतं ते पुरवायचं.” त्यांच्या घरी पैसा कमी होता, त्यामुळे हे सगळं गरजेतून आलं. आज आपल्या हाताशी पैसा आहे, म्हणून तेच आता ठरवून करावं लागेल.

बुधवार, 27 ऑगस्ट

गणपती आले. मूर्ती शाडूची, वीतभर उंचीची. मखर दरवर्षीचंच: लाकडी चौकट आणि आईंच्या जरीच्या साड्या. थर्माकोलचं मखर दीड दिवसात किंवा दहा दिवसांत निकालात निघतं, आणि नंतर ते घ्यायला भंगारवालासुद्धा तयार नसतो. ते जागा अडवतं आणि वजनाला काहीच भरत नाही.

दूर्वा, जास्वंद, केवडा, पत्री असं रोजचं निर्माल्य परडीत वेगळं ठेवते आहे. खतासाठी यासारखा माल नाही. अगरबत्तीचं वेष्टन, कापराची पुडी, प्रसादाचा द्रोण त्यात जाऊ द्यायचा नाही, एवढं घरात सगळ्यांना सांगितलं आहे.

सोमवार, 1 सप्टेंबर

गौरींचं जेवण. सोळा भाज्या, पुरणपोळी, कटाची आमटी. पाहुणे भरपूर. कागदी ताटं आणायचा विचार दिरांनी मांडला. ताटावर प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे ते कुजतही नाही आणि अन्न लागलेलं असल्याने रद्दीतही चालत नाही. शेजारच्या तीन घरांतून स्टीलची ताटं-वाट्या आणल्या, दिरांनीच भांडी विसळायची जबाबदारी घेतली. मुलांना केळीच्या पानांवर बसवलं. पहिल्या वाढपाला सगळं थोडं थोडं वाढलं, हवं त्याने पुन्हा मागून घेतलं. ताटात उष्टं फारसं राहिलंच नाही. उरलेली पोळी-भाजी आईंनी रात्री डब्यांत भरून घरोघर पाठवली.

मंगळवार, 2 सप्टेंबर

गौरींबरोबर आमचे गणपती गेले. विसर्जन घरीच, मोठ्या पितळी घंगाळात. शाडूची मूर्ती सकाळपर्यंत विरघळते. वरचं पाणी निथळून माती कापडावर वाळवायची. ही माती कुंडीत टाकून उपयोग नाही, ती घट्ट बसते आणि मुळांची हवा अडवते. पण ती पुन्हा मूर्तीला चालते. पुण्यात ‘पुनरावर्तन’ या उपक्रमातून अशी माती गोळा करून मूर्तिकारांना परत दिली जाते. आमची पिशवी तिकडे जाईल.

समोरच्या काकांची मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची. ते पाण्यात महिनोन्महिने विरघळत नाही. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर मार्ग काढला: बादलीभर पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालून त्यात मूर्ती ठेवायची. हळूहळू प्लास्टरचं कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसतं आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं. ते भरपूर पातळ करून झाडांना खत म्हणून घालता येतं. काकांना पूड आणून दिली. नदीत न जाता बाप्पांचं विसर्जन नीट झालं, याचं त्यांना समाधान वाटलं.

रविवार, 7 सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. आज शहरभर हार, थर्माकोल, बाटल्या आणि अन्नाचे ढीग. हे सगळं कुठे जातं, ते पुणेकराने विसरू नये. वर्षानुवर्षं आपला कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत टाकला गेला. ओलं-सुकं एकत्र सडलं की त्यातून काळं पाणी झिरपतं, आणि त्या गावांतल्या विहिरी नासल्या. हवेशिवाय सडणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो, तो पेट घेतो, आणि शंभर वर्षांचा हिशेब धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या 25 पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. 2017 च्या उन्हाळ्यात तिथल्या कचरा डेपोला आग लागल्यावर गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा शहरात चौकाचौकांत ढीग साचले होते. गावकऱ्यांचं चुकलं नव्हतं. आपल्या घरचं दुसऱ्याच्या अंगणात का टाकावं?

हे बदलता येतं, याचा दाखला वेंगुर्ल्यात आहे. तिथल्या नगर परिषदेने रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना कचरा घरातूनच वेगळा घ्यायला सुरुवात केली, ओल्याचा गॅस आणि खत, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात. कचरा डेपोच्या जागी आता बाग आहे आणि लोक ती बघायला जातात.

सोसायटीच्या फळ्यावर लावायला मजकूर लिहून दिला, तो इथेही उतरवून ठेवते:

“ओला आणि सुका डबा वेगळा ठेवा. दुधाची पिशवी तुकडा न कापता उघडा, धुऊन वाळवून द्या. काच गुंडाळून, पॅड आणि डायपर लाल ठिपका काढून द्या. औषधं आणि सेल वेगळे ठेवा. ओला कचरा गच्चीवरच्या पिंपात आणा. पानं तिथेच ठेवली आहेत. बाजारात जाताना पिशवी आणि डबा न्या. घरात वेगळं केलेल्या कचऱ्याचं खत होतं किंवा त्याला भंगारात भाव येतो. मिसळून दिलेला कचरा नंतर कुणाला तरी आपल्या हातांनी निवडावा लागतो. ते काम दुसऱ्यावर टाकू नका, आजपासून आपल्याच ओट्याशी करा.”