बुद्धलेणीतली आठ भयं आणि आपलं नववं

या वीकेंडला मॉल-मल्टिप्लेक्सला सुट्टी द्या. सकाळी लवकर उठा, पायात बूट चढवा, पाण्याची बाटली घ्या आणि बीबी-का-मकबऱ्याच्या मागच्या डोंगराकडे बाइक वळवा. कागदोपत्री ही औरंगाबाद लेणी, गावाच्या तोंडी बुद्धलेणी. वाळूज-चिकलठाण्यात वर्षानुवर्षं शिफ्ट करणाऱ्या मंडळींनी पाहुण्यांना दहादा वेरूळ-अजिंठा दाखवलेलं असतं. शहराला लागून असलेली ही लेणी मात्र कायम ‘जाऊ कधीतरी’च्या यादीत!

पायऱ्या चढताना दम लागेल. ऑफिसातल्या लिफ्टची सवय, दुसरं काय! वर पोचलात की आधी मागे वळून शहर बघून घ्या. लेणी दोन मुख्य गटांत विभागलेली आहेत. आपल्याला जायचंय दुसऱ्या गटात, सातव्या लेण्यात.

इथली नर्तकी आणि तिच्या भोवतीच्या वादक बायका बघायला सगळेच थांबतात. तुम्ही जरा जास्त वेळ अवलोकितेश्वराच्या शिल्पापाशी थांबा. साधारण सहाव्या-सातव्या शतकातलं काम. मधे बोधिसत्त्व आणि दोन्ही बाजूंना छोटे छोटे प्रसंग. प्रत्येक प्रसंगात माणसं कुठल्या तरी संकटात सापडलीत आणि त्याचा धावा करतायत. आग, शत्रूची तलवार, बेड्या, फुटणारं जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती आणि मृत्यू. याला म्हणतात अष्टमहाभय. तेव्हाच्या माणसाची झोप उडवणाऱ्या गोष्टींची ही यादीच म्हणा ना.

आता गंमत बघा. मृत्यू सोडला, तर यातल्या बहुतेक भयांचा आपण बऱ्यापैकी बंदोबस्त केलाय. आगीसाठी फायर ब्रिगेड, जहाजांसाठी दीपगृहं, सापासाठी इंजेक्शन, बेड्यांसाठी कोर्ट आणि जामीन. हे काम कुणा एका हीरोनं केलेलं नाही. नियम, तपासण्या, रजिस्टरं अशा एकदम बोअरिंग गोष्टींनी ते झालं.

पण एक भय या भिंतीवर नाही, कारण ते आपण नंतर तयार केलं. अणुबॉम्ब. आणि त्यालाही आपण बुद्धाचं नाव चिकटवून मोकळे! १८ मे १९७४ ची पोखरणची चाचणी जगभर ‘स्मायलिंग बुद्ध’ म्हणून ओळखली जाते. ११ मे १९९८ ला पुन्हा स्फोट केले, तो दिवसही नेमका बुद्धपौर्णिमेचा.

‘सिप्री’ या स्वीडिश संस्थेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२५ मधे जगात सुमारे १२,२४१ अण्वस्त्रं होती. त्यातली भारताकडे १८०, पाकिस्तानकडे १७०. टीव्हीवरच्या चर्चा ऐकल्या की वाटतं, धोका फक्त एखाद्या माथेफिरूचा आहे. पण साध्या चुकीचं काय? २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोविएत उपग्रहांनी अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं येत असल्याचा इशारा दिला. ड्यूटीवरच्या स्तानिस्लाव पेत्रोव या अधिकाऱ्यानं ‘हा फॉल्स अलार्म आहे’ असं ठरवलं, आणि तो बरोबर निघाला. ढगांवरून परतलेल्या सूर्यप्रकाशानं यंत्रणेला चकवलं होतं.

हे फार लांबचं वाटत असेल तर घराजवळचं ऐका. ९ मार्च २०२२ ला भारताचं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानातल्या मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं. सुदैवानं कुणी दगावलं नाही. चूक झाल्याचं भारतानं जाहीर केलं ११ मार्चला. ठरलेली कार्यपद्धती पाळली नाही म्हणून ऑगस्टमधे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं गेलं. आपल्या दोन देशांमधे क्षेपणास्त्र पोचायला काही मिनिटं पुरतात. तेवढ्यात समोरच्यानं काय समजायचं?

इथं पुन्हा तीच बोअरिंग कागदपत्रं कामाला येतात. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, हा करार दोन्ही देशांनी ३१ डिसेंबर १९८८ ला केला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. कारगिल झालं, २६/११ झालं, बालाकोट झालं, मे २०२५ चा संघर्ष झाला. यादी काही चुकली नाही. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीआधी कळवायचं, हे २००५ मधे ठरलं. अण्वस्त्रांचा अपघात झाला तर सांगायचं, हे २००७ मधे. पण २०२२ मधे सुटलेलं क्षेपणास्त्र बॅलिस्टिक नव्हतं, त्यावर अणुबॉम्बही नव्हता आणि ती चाचणीही नव्हती. म्हणजे दोन्ही करारांच्या फटीतून ते आरामात निघून गेलं. ही फट बुजवणं म्हणजे देशप्रेमात कमी पडणं नव्हे, बॉस! आपल्या कंपनीत अपघात होता होता टळला, तरी सेफ्टीवाले रिपोर्ट लिहून घेतातच की.

‘पहिला वार आपण करणार नाही’ हे भारतानं ४ जानेवारी २००३ ला जाहीर केलेलं धोरण. ऑगस्ट २०१९ मधे संरक्षणमंत्री राजनाथ सिंह पोखरणला म्हणाले, पुढचं परिस्थितीवर अवलंबून. एवढी मोठी गोष्ट, आणि आपल्या कँटीनमधे तिच्यावर पाच मिनिटंही बोलणं होत नाही. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला आपण पाणी, रस्ते, नोकऱ्या विचारतो, विचारायलाच हवं. सोबत एक प्रश्न हाही विचारा: चुकून सुटलेल्या क्षेपणास्त्राची खबर पलीकडे किती मिनिटांत पोचेल, याची काय सोय केलीय?

‘आपल्या बोलण्यानं काय होणार’ असं वाटत असेल, तर एक आकडा लक्षात ठेवा. १९८६ च्या सुमारास जगात ७० हजारांच्या आसपास अण्वस्त्रं होती. ती आपोआप कमी झाली नाहीत. लोक रस्त्यावर उतरले, नेते टेबलावर बसले, तपासनीस मोजायला गेले, तेव्हा कुठं आजचा आकडा दिसतोय.

असो. उन्हं चढायच्या आत खाली उतरा. भूक लागलीच असेल. जुन्या शहरात नान-कलिया गाठा. मित्रांना सोबत न्या आणि पहिल्या घासाबरोबर हा विषय काढा. वाद होईल, होऊ द्या!