‘तमस’ पाहून लिहिणाऱ्यांसाठी

नोएडा, ३ फेब्रुवारी
‘तमस’ मालिकेवरची हौशी परीक्षणं सध्या रोज रात्री वाचतोय. लिहिलंय मनापासून, पण माहितीच्या नावाने बोंब. एकाने हरनाम सिंगच्या भूमिकेचं श्रेय थेट बलराज साहनींना दिलंय. बलराज १९७३ मध्येच गेले. मालिका दूरदर्शनवर आली १९८८ साली. पडद्यावर आहेत ते त्यांचे धाकटे भाऊ भीष्म साहनी, ज्या कादंबरीवर मालिका बेतली तिचे खुद्द लेखक. दुकान, घर सोडून बायकोला घेऊन रातोरात निघालेला तो म्हातारा शीख बघताना हे ठाऊक असलं, की प्रसंगाचं वजनच बदलतं. भीष्मजींचा जन्मच रावळपिंडीचा.

४ फेब्रुवारी
‘फाळणीनंतरच्या दंगलींची कथा’ हे तर सर्रास. कथेमागचा दंगा मार्च १९४७ चा, रावळपिंडी भागातला; फाळणी व्हायची होती. डेप्युटी कमिशनर रिचर्ड अजून खुर्चीत आहे. शहरातली मंडळी त्याच्याकडे जातात, संचारबंदी लावा, लष्कर बोलवा म्हणून विनवतात, आणि तो दिल्लीतल्या पुढाऱ्यांकडे बोट दाखवतो. तारीख ऑगस्टपुढे ढकलली की हा साहेब अलगद सुटतो. ही चूक मला क्षुल्लक वाटत नाही.

६ फेब्रुवारी
मेट्रोने मंडी हाउसला गेलो. साहित्य अकादमीच्या ग्रंथालयात ‘आज के अतीत’ हे साहनींचं आत्मचरित्र पुन्हा वाचलं. कादंबरी १९४७ च्या धगीत लिहिली गेली, असं परीक्षणांत ठोकून दिलेलं असतं. प्रत्यक्षात १९७० च्या दंगलीनंतर ते बलराजसोबत भिवंडीला गेले. तिथली उजाड वस्ती, ठप्प झालेले माग पाहून त्यांना रावळपिंडी आठवली, आणि दिल्लीला परतल्यावर ते लिहायला बसले. आपल्या ठाणे जिल्ह्यातली भिवंडी! मराठीत लिहिणाऱ्यांनीही तिचं नाव घेऊ नये, याचं फार वाईट वाटतं. भिवंडी गाळली की ‘तमस’ ही जुन्या, परक्या गावाची गोष्ट होऊन बसते.

८ फेब्रुवारी
आज आणखी एक आरोप वाचला: दिग्दर्शक गोविंद निहलानींनी कादंबरीत नसलेले प्रसंग पदरचे घुसडले. ते साहनींच्याच ‘सरदारनी’सारख्या कथांतून घेतलेत. मालिका पाहून लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा. त्याआधी आत्मचरित्रातला भिवंडीचा भाग तेवढा वाचा.