पायडलवाली

आमच्या घरी आली तेव्हा तिचा रंग हिरवा होता. आता हिरवा म्हणायचं ते जुन्या ओळखीपोटी. नाव लूना, पण आमच्या जळकोट गावात तिला त्या नावानं कुणी हाक मारली नाही. पोरं म्हणायची 'पायडलवाली'. आई म्हणायची 'तुमची ती'. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, पगारातून बायकोपेक्षा हिच्यावर जास्त खर्च केला, असं आईचं म्हणणं. अप्पांना पगारच नव्हता, हा त्यांचा बचाव.

अप्पा शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. नळदुर्ग, अणदूर, येणेगूर, मुरूम अशी गावं वाराप्रमाणे बांधलेली. हँडलला अवजारांची पिशवी, मागं कॅरिअरवर सुतळीनं आवळलेलं कुणाच्या तरी मशिनीचं मुंडकं आणि मधे माळकरी अप्पा, टोपी वाऱ्यानं उडू नये म्हणून दातात उपरण्याचं टोक धरलेले. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक गेला की ही जागच्या जागी शहारायची. पण पडली नाही कधी.

तिला चालू करणं हा एक विधी होता. स्टँडवर उभी करायची, सीटवर बसायचं आणि सायकलीसारखं पायडल मारत राहायचं. मागचं चाक अधांतरी फिरायचं, मग एकदम खोकला, मग निळा धूर, मग तो फर्र आवाज. टू-स्ट्रोक बाई, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळल्याशिवाय घोट घ्यायची नाही. चढाला मान टाकायची. तेव्हा अप्पा चालू इंजिनातच पायडल हाणत. बैल दमले की गाडीवान उतरून चाकाला खांदा देतो, तसं. आणि वाटेत टाकी कोरडी पडली तर बाकीच्यांच्या गाड्या ढकलत न्याव्या लागायच्या, ही मुकाट्यानं सायकल व्हायची. जडशीळ, कुरकुरणारी, पण सायकल. पेट्रोलवाचून घरी आणून सोडणारी मोटारगाडी मी दुसरी पाहिली नाही.

तिच्या जातीचा जन्म १९७२ चा. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं इटलीच्या पियाजिओच्या 'चाओ' या गाडीवरून ५० सीसीची ही मोपेड काढली. आमच्याकडे बाहत्तर म्हटलं की लूना आठवत नाही; दुष्काळ आठवतो, कामावर खडी फोडणं आणि खायला मिळणारी सुकडी आठवते. पुढच्याच वर्षी अरब देशांनी तेल आखडलं, भाव भडकले, आणि नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले. तिकडे इंदिरा गांधीही पेट्रोल वाचवा म्हणून घोड्याच्या बग्गीत बसल्या. जळकोटात त्या काळी बैलगाडीतून जाण्याला आंदोलन म्हणत नसत, बाजाराला जाणं म्हणत.

पंपावर अप्पा कधी लिटरात बोलले नाहीत. "पन्नासचं टाक बाळा." भाव रोज बदलू लागला २०१७ च्या जूनपासून, पण पन्नासची नोट रोज पन्नासचीच, त्यामुळे भाववाढ त्यांना आकड्यात नव्हे, अंतरात कळायची. "पूर्वी पन्नासात मुरूमहून परत यायचो, आता येणेगूरलाच पायडल मारावं लागलालंय." घराघरातून असाच हिशोब चालतो, अर्थशास्त्रज्ञ त्याला काय म्हणतात ते म्हणोत.

त्या पन्नासात कराचे किती, हे मी एकदा त्यांना कागदावर मांडून दाखवलं. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राचं अबकारी शुल्क लिटरला २१ रुपये ९० पैसे झालं होतं. त्यात तेलाची किंमत आणि पंपवाल्याचं कमिशन धरायचं, आणि त्या सगळ्या बेरजेवर राज्याचा २५ टक्के व्हॅट. म्हणजे करावरही कर. वर आणखी ५ रुपये १२ पैसे. पन्नासातले वीसच्या वर सरकारात गेले. अप्पांनी बाकी काही विचारलं नाही, "हे बारा पैसे कशाचे?" एवढंच विचारलं. मला सांगता आलं नाही.

रुपये कसे चढत गेले, ते मात्र सांगता आलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये राज्यानं दुष्काळनिवारणासाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरमागं २ रुपये अधिभार लावला. पुढचा उन्हाळा आमच्या जिल्ह्यानं कसा काढला हे आम्ही जाणतो. शेजारी लातूरला तर मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या वर्षी पायडलवालीनं मशिनीची मुंडकी कमी आणि पाण्याचे कॅन जास्त वाहिले. टँकर कुठं थांबलाय ते ऐकायचं आणि निघायचं, दोन्ही बाजूंना दोन कॅन. दुष्काळ हटवायचा कर दुष्काळात पाणी आणणाऱ्या गाडीकडून घेतला जात होता. २०१६ ला पाऊस पडला, धरणं भरली, अधिभार तेवढा आटला नाही.

उलट २०१७ च्या एप्रिलात आणखी ३ रुपये. कारण सुप्रीम कोर्टानं महामार्गालगतची दारूची दुकानं बंद करायला लावली आणि राज्याच्या तिजोरीत खड्डा पडला. आमचं गाव सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच. पंढरीची माळ घातलेला, चहासुद्धा अर्धा कप घेणारा माणूस, लूनाच्या टाकीतून गावभरच्या न प्यायलेल्या दारूचा कर भरत होता. हे ऐकून अप्पा पहिल्यांदा खो खो हसले. म्हणाले, "मग उगंच चढाला डुलत नव्हती ती."

मे २०२० मध्ये जगात तेलाला विचारणारं कुणी नव्हतं, अमेरिकेत तर आदल्या महिन्यात भाव शून्याखाली गेला होता. त्याच वेळी केंद्रानं पेट्रोलवरचं शुल्क १० रुपयांनी वाढवलं, आणि पंपावरची स्वस्ताई आमच्यापर्यंत पोचलीच नाही. पुढं २०२१ च्या दिवाळीत ५ आणि २०२२ च्या मेमध्ये ८ रुपये कमी केले, राज्यानंही जुलै २०२२ मध्ये ५ रुपये उतरवले. घेणारा हात आणि सोडणारा हात एकच.

महाग केलं की लोक पेट्रोल कमी जाळतील, असं म्हणणारी शहाणी माणसं असतात. असतील खरी, जिथं दाराशी बस येते तिथं. आमच्याकडे महाग झालं म्हणून अप्पांचा एकही वार चुकला नाही; चुकवला असता तर त्या दिवशी चूल चुकली असती. आमच्या घरातलं पेट्रोल खरोखर कमी झालं ते मार्च २०२३ नंतर, बायकांना एसटीत अर्धं तिकीट झाल्यावर. आईचं नळदुर्गाला दवाखान्यात जाणं, तुळजापूरला पौर्णिमेला जाणं, मावशीकडं उमरग्याला जाणं, सगळं लूनाच्या कॅरिअरवरून उतरून एसटीत गेलं. आई खिडकीत बसून हात करते. त्या हात करण्यात जरासा सूड आहे.

पायडलवालीला आता पेट्रोलही मानवत नाही. त्यात २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या नळ्या त्यानं फुगतात, असं मिस्त्री सांगतो. भाच्यानं मोबाईलवर नवी ई-लूना दाखवली, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेली, विजेवर चालणारी. अप्पांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, खाली सरकवला, पुन्हा वर नेला.

"हिला पायडल कुठाय?"

"नाही अप्पा. चार्जिंग करायचं."

"आणि लाइट गेल्यावर?"

भाच्यानं मोबाईल खिशात घातला.

गेल्या दिवाळीपासून अप्पांनी लूनाची टाकी काढून ठेवली आहे. गोठ्याच्या कोपऱ्यात ती कायमची स्टँडवर चढली. मागच्या चाकावरून गिरणीचा जुना पट्टा घेतलाय, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला साण बसवलीय. सकाळी अप्पा सीटवर बसतात, पायडल मारतात, साण फिरते. शिंप्यांच्या कात्र्या, गल्लीतल्या विळ्या, न्हाव्याचे वस्तरे. कात्रीला वीस रुपये, विळीला दहा. ठिणग्या उडायला लागल्या की शेजारची पोरं येऊन बसतात, आणि आई आतून ओरडते, "तुमची ती धूर काढत नाही म्हणून काय झालं, कडब्याला आग लावल!"